पिकअपचं नाक खाली का असतं?

मोशीच्या मार्केट यार्डात पहाटे पिकअपची रांग बघा. जुन्नर-खेडची भाजी भरून आलेल्या गाड्या सपाट दिसतात आणि माल उतरवून निघालेल्या पुढे झुकलेल्या, मागून वर. रिकामी गाडी अशी उभी राहिली की मालक ठरवून टाकतो, पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले. मग पाटेवाल्याकडे पुढे पॅकिंग टाकून किंवा लांब शॅकल लावून गाडी ‘लेव्हल’ होते.

बहुतेक वेळा पाटे बसलेले नसतातच. मागची बाजू कंपनीनेच वर ठेवलेली असते. इंजिन आणि केबिनचं वजन पुढे कायमचं असतं, माल मात्र मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. हौदा भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. रिकामी असतानाच तिला सपाट केलं, तर भरल्यावर नाक आभाळाकडे जाणार. अमेरिकेत फोर्ड आणि रॅमच्या दणकट पिकअपना नाक उचलणारं लेव्हलिंग किट लावायची मोठी हौस आहे. पण रोज हौदाभर माल वाहणाऱ्या आपल्या गाडीने ती हौस का करावी?

पाटा खरंच बसलाय का, हे टेपने कळतं. गाडी रिकामी, चारही टायरमध्ये ठरलेली हवा, खाली सपाट फरशी. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक निघाला तर पाट्याचं एखादं पान तुटलेलं असेल किंवा बुश गेला असेल. त्यावर पॅकिंग हा इलाज नव्हे.

‘मागे एक पान वाढवलं की अर्धा टन जास्त बसतो’ हा समज सर्वांत घातक. गाडीची क्षमता अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिस मिळून ठरते, एकट्या पाट्यावर नाही. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर कमी झालं की त्याला माल भरल्याचं कळतं आणि तो मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब देतो. जादा पानामुळे गाडी दबतच नाही, म्हणून व्हॉल्व्ह भरलेली गाडी रिकामी समजतो. गाडी वजनाने लादलेली आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा, असा तो प्रकार. वर ओव्हरलोडचा दंड वेगळा: 20,000 रुपये आणि जादा टनामागे 2,000.

‘दोन इंचांनी काय होतंय?’ तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीचं नाक दोन इंच उचललं तर हेडलाइटचा झोत 50 मीटरवर साधारण 80 सेंटिमीटर वर जातो. रात्री चाकण रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत तो थेट घुसतो. पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे-पुढे कल) आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, खड्ड्यात गाडी ओढते. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर वर टाकलेला एक इंचाचा स्पेसर चाकाशी जवळपास दोन इंच होतो, बॉल जॉइंट तिरके राहतात आणि लवकर झिजतात. अलाइनमेंट न करता निघालात तर टायर एका कडेने खाल्ला जाणार.

‘पासिंगला कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांसाठी: पिंपरी-चिंचवडचं आरटीओ मोशीतच आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मंजूर नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं. मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण पडतं ते वेगळंच.

पाटा खरोखर थकला असेल तर मूळ पार्ट नंबरचाच घ्या, दोन्ही बाजूंचा जोडीने बदला, लगेच अलाइनमेंट करा आणि पावती आरसीसोबत गाडीत ठेवा.