पाणी पाहून गळ
वऱ्हाडातल्या धरणांच्या काठावरून मरळ, शिवडा आणि त्यांना भुलवणारी खोटी आमिषे

अमरावती-अकोल्याकडे गळाने मासे धरणे नवे नाही. बांबूची काठी, तिला नायलॉनची दोरी, दोरीला बूच आणि गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, एवढ्यावर कित्येक पिढ्यांच्या सुट्ट्या गेल्या. आता त्याच काठावर रीळ लावलेला फायबरचा रॉड घेतलेली मुलेही दिसतात. त्यांच्या पेटीत गांडूळ नसते. रबराचा बेडूक, प्लास्टिकचा मासा, चकचकीत पत्र्याची पाती आणि शिशाच्या डोक्याचा जिग असतो. या सगळ्या खोट्या आमिषांना ती सरसकट ‘लुअर’ म्हणतात.

लुअरच्या पाकिटावर बहुधा जबडा फाकलेल्या, हिरवट अंगाच्या माशाचे चित्र असते. हा अमेरिकेतला लार्जमाऊथ बास. वर्धा, पूर्णा किंवा काटेपूर्णा नदीत तो सापडत नाही. तरी त्याच्यासाठी घडवलेल्या वस्तू इथे चालतात. मात्र पाकिटामागचा तक्ता वाचून त्या निवडल्या, तर पैसे पाण्यात जातात. वऱ्हाडात लुअर ठरवायचा तो धरणाच्या पाण्यावरून, आणि ते पाणी दर दोन महिन्यांनी वेगळे असते.

बासची पेटी, मरळीचे पाणी

खोट्या आमिषाचा धंदा बासच्या जोरावर वाढला. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्युएलने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या लुअरचे पेटंट घेतले. एकोणिसावे शतक संपत आले असताना मिशिगनच्या जेम्स हेडनने लाकडातून बेडूक कोरले आणि पुढे त्यातूनच कारखाना उभा राहिला. १९३६ मध्ये फिनलंडच्या लाउरी रापालाने बुचाचा मासा घडवून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली. त्यावर रोगणासाठी फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. ओहायोतल्या निक क्रीमने १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा किडा बनवला आणि आजच्या सगळ्या ‘सॉफ्ट प्लास्टिक’ची सुरुवात झाली.

बास पाठलाग करून दमवणारा मासा नाही. गवताच्या आडोशाला तो दबा धरतो आणि समोरून काही गेले की जबडा उघडतो. आपली मरळही तशीच शिकार करते. तिला शास्त्रज्ञ चन्ना स्ट्रायाटा म्हणतात आणि शेजारच्या तेलंगणाने तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. डोके सापासारखे चपटे, तोंड मोठे, दात बारीक आणि टोकदार. कल्ल्यांवरच्या पोकळीत हवेतून श्वास घेण्याची सोय असल्यामुळे मरळ ठरावीक वेळाने वर येऊन हवा घेते. बाजारात ती टबातल्या थोड्या पाण्यात जिवंत मिळते ती याच सोयीमुळे.

बास आणि मरळ यांची गाठ एकदा प्रत्यक्षातही पडली. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावाच्या तळ्यात मरळीच्या जातभाईंपैकी उत्तरेकडची एक जात सापडली. कुणीतरी बाजारातून आणलेले जिवंत मासे तळ्यात सोडून दिले होते. सरकारने विष घालून तळे साफ केले. दोन वर्षांनी हाच मासा पोटोमॅक नदीत निघाला आणि तिथेच रुळला. आता तिथले लोक बाससाठी बनलेला रबरी बेडूक त्याच्यापुढे फेकतात. उलट प्रवास जपानमध्ये झाला. १९२५ मध्ये तिथल्या आशी तळ्यात बास आणून सोडले, आणि आज तो मासा स्थानिक माशांचा शत्रू मानला जातो. ‘आपल्याही धरणात बास सोडायला हवे होते’ असे म्हणणाऱ्यांना ही दोन उदाहरणे पुरावीत.

मरळीखेरीज लुअरवर येणारा दुसरा मासा शिवडा. लांबट, बिनखवल्यांचा, डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेल्या तोंडाचा हा शिकारी खोल पाण्यात फिरतो. तिसरा शिंगाळा, लांब मिशांचा आणि तळाशी चरणारा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद करताना त्याला शास्त्रीय नाव दिले तेही ‘सींघाला’ असेच. चौथी चिलापी. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा परका मासा आता जागोजागी आहे. लहान तोंडामुळे तो मोठ्या लुअरला दाद देत नाही, पण बोटाच्या पेराएवढ्या फिरत्या पात्यावर झडप घालतो. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी लुअर घेऊ नये. त्यांना कणीकच बरी.

धरणाचे पंचांग

अकोल्याला पाणी देणारे महानचे काटेपूर्णा धरण सुमारे ८६ दशलक्ष घनमीटरचे (दलघमी). मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा सुमारे ५६४ दलघमीचे, तेरा दरवाजांचे, अमरावतीची तहान भागवणारे. मेळघाटाच्या पायथ्याशी शहानूर, चंद्रभागा, वान अशी आणखी धरणे आहेत. आकार वेगळे असले तरी सगळ्यांचा वर्षाचा फेरा एकच. पावसाळ्यात भरायचे, रब्बीला कालव्याची आवर्तने द्यायची आणि उन्हाळ्यात खाली जायचे. चैत्रात जिथे गाळपेऱ्याचे पीक उभे असते तिथे भाद्रपदात पुरुषभर पाणी असते. म्हणून काठावरच्या माणसाने पेटी महिना पाहून भरावी.

पहिल्या पावसापासून श्रावणापर्यंत रॉड घरी ठेवलेला बरा. पाणी गढूळ असते, पूर येत असतात आणि मरळीची वीण चालू असते. गवतात जागा मोकळी करून मरळ अंडी घालते. ती पाण्यावर तरंगतात आणि नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. पुढे पिल्लांचा लालसर थवा पृष्ठभागावर बुडबुडे काढत फिरतो आणि खाली आईबाप असतात. या थव्यावर बेडूक फेकला तर मरळ हमखास येते, कारण ती भुकेने नाही, रागाने येते. राखण करणारा मासा काढला की पिल्लांचा फडशा इतर मासे पाडतात. तिथे गळ टाकण्यात कसब नाही.

भाद्रपद ते दिवाळी हा काठावरचा खरा हंगाम. धरण तुडुंब असते. बुडालेल्या बाभळी, बेशरमीची झुडपे, पाण्यात गेलेले गवत, मागच्या भागात जलपर्णी आणि शिंगाड्याच्या वेली. मासे काठाला आलेले असतात आणि आडोसा भरपूर असतो. इथे काम रबरी बेडकाचे.

मार्गशीर्ष-पौषात पाणी निवळते आणि गार होते. थंड रक्ताचा मासा सुस्तावतो, पृष्ठभागावर धावत नाही. सकाळच्या धुक्यात उभे राहण्यापेक्षा ऊन चढल्यावर, उन्हाकडे तोंड असलेल्या खडकाळ काठावर बसावे. बेडूक बाजूला ठेवून जिग काढावा आणि तो तळाशी अगदी सावकाश ओढावा.

फाल्गुनापासून पाणी मागे हटते. काठावर भेगाळलेली काळी माती उरते आणि आडोसे उघडे पडतात. लहान मासे उथळात दाटतात आणि शिवडा त्यांच्या मागे येतो, तोही पहाटे आणि दिवस बुडताना. वाऱ्याची लाट ज्या काठावर आपटते तिथे चारा गोळा होतो. तिथे चमचा, फिरते पाते किंवा फार खोल न जाणारा प्लास्टिकचा मासा फेकावा. दुपारी मात्र घरचा रस्ता धरावा, कारण वऱ्हाडाचे ऊन माशाआधी माणसाला झोपवते.

बेडूक

काठावर सर्वांत आधी घ्यावा तो पोकळ रबराचा बेडूक. त्याच्या पोटाखालून निघालेले दोन गळ वर वळून पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून सरपटत येतो आणि अडकत नाही. मासा चावला की रबर दबते आणि गळांची टोके उघडी पडतात. दुकानात घेताना अंगठ्याने दाबून पाहावे. दाबायला जोर लागत असेल तर तो बेडूक मरळीच्या जबड्यातही दबणार नाही. गळांची टोके पकडीने किंचित बाहेर वळवावीत. रबरी पाय लांब असतील तर कापून अर्धे करावेत, कारण मासा शेपूट धरतो आणि गळ तोंडाबाहेर राहतो.

जलपर्णीत वितभर मोकळी जागा दिसली की बेडूक तिच्या पलीकडे टाकायचा. पानांवरून दोन-तीन झटक्यांत कडेपर्यंत आणायचा आणि उघड्या पाण्यात सोडून थांबायचे. दोरी सैल, टोक खाली. बेडकाभोवती लाटेची वर्तुळे विरतात. मग एखादे पान खालून ढकलल्यासारखे हलते आणि पाण्याला खळ पडून बेडूक नाहीसा होतो. नवखा माणूस त्याच क्षणी रॉड उचलतो आणि बेडूक रिकामा त्याच्या अंगावर येतो. मरळीने तो तोंडात धरलेला असतो, गिळलेला नसतो. दोरी तिच्या वजनाने ताठ होईपर्यंत दम धरायचा आणि मगच दोन्ही हातांनी ओढायचे. तिचा जबडा हाडाचा आणि भोवती वेलींचे जाळे, म्हणून रॉड कडक आणि दोरी विणलेली, चाळीस-पन्नास पौंडांची. मासा निघाल्यावर बेडूक पिळून त्यातले पाणी काढायचे, नाहीतर पुढच्या फेकीला तो बुडतो.

पूर्वी याच कामाला जिवंत बेडूक गळाला टोचत. शेतातले बेडूक कमी झाले तर किडी वाढतात, हे ध्यानात घेऊन भारताने १९८७ मध्ये बेडकाच्या पायांची निर्यात बंद केली. रबरी बेडूक आल्यावर खऱ्याला टोचण्याचे कारण उरलेले नाही.

जिग आणि काठाचा उतार

जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेला शिशाचा गोळा. दोरीचे भोक गोळ्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे तळाशी टेकल्यावर गळाचे टोक वर राहते. त्यावर रबरी मासोळी किंवा अळी चढवायची. उथळ, शांत पाण्यात पाच ते सात ग्रॅम पुरतात. वारा असेल किंवा काठ एकदम खोल उतरत असेल तर दहा ते चौदा. जड जिगने फेक लांब जाते या मोहाने वजन वाढवू नये. जिग जेवढा हळू पडेल तेवढा मासा त्याला पाहतो, आणि बहुतेक चावे पडतानाच बसतात. दोरी अचानक सैल पडली किंवा बाजूला सरकली की तोच चावा.

विलायती चित्रफितींतले लोक बहुधा होडीतून काठाकडे फेकतात. त्यांचा लुअर उतारावरून खाली, खोल पाण्याकडे येतो. काठावर उभ्या माणसाचे उलटे. त्याचा लुअर खोलातून वर चढतो आणि प्रत्येक दगडाला, प्रत्येक बुंध्याला समोरून धडकतो. ओठाला पट्टी असलेला खोल जाणारा प्लास्टिकचा मासा काठाशी आला की चिखलात नाक खुपसतो. म्हणून काठावरून उथळ जाणारेच घ्यावेत आणि जिग शेवटच्या टप्प्यात रॉडचे टोक उचलून वर काढावा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे समोर न फेकता काठाला समांतर फेकणे. मासे पाण्याच्या कडेच्या पट्ट्यात असतील तर लुअर पूर्ण वेळ त्यांच्यापुढून जातो.

बुडालेल्या बाभळीत उघडा गळ टिकत नाही. तिथे शिशाची गोळी दोरीवर मोकळी सोडावी आणि वाकड्या गळाचे टोक रबरी अळीच्या अंगातच लपवावे. याला ‘टेक्सास रिग’ म्हणतात. काट्यांतून तो सुटून येतो.

रंगावर दुकानदार सर्वांत जास्त बोलतात, आणि त्याचे महत्त्व सर्वांत कमी. काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात मासा रंगाआधी हालचाल ओळखतो. त्याच्या अंगाच्या कडेने गेलेली संवेदनशील रेषा पाण्याचा कंप टिपते. म्हणून गढुळात थरथरणारे पाते किंवा खुळखुळणारा मासा, आणि रंग गडद. निवळलेल्या हिवाळी पाण्यात लहान आकार आणि फिकट रंग. रबरी बेडकाला मासा खालून, आभाळाच्या उजेडात पाहतो. त्याला दिसते ते पोट. पाठीवरची नक्षी गिऱ्हाइकासाठी असते.

पाणी कुणाचे

महाराष्ट्रातल्या जलाशयांतला मासेमारीचा हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो, आणि वऱ्हाडात त्यांचे सभासद बहुतांशी भोई. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणाऱ्या या माणसांनी विकत आणलेले मत्स्यबीज पाण्यात सोडलेले असते. त्यांना न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला हरभरा उपटणे. विचारले तर ते परवानगीबरोबर जुनी नदी कुठून वाहत होती, बुडालेली विहीर कुठे आहे, हेही सांगतात. ही माहिती कुठल्याही पाकिटामागे मिळत नाही.

काटेपूर्णा जलाशयाच्या काठचे जंगल १९८८ पासून अभयारण्य आहे. ती हद्द आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या सिपना, गडगा या नद्या गळासाठी वर्ज्य समजाव्यात. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तुटलेली दोरी झुडपात सोडू नये, बगळे-पाणकावळे त्यात पाय अडकवून मरतात.

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्याने पन्नास लुअर घेऊ नयेत. बोटभर लांबीचा मऊ बेडूक एक, सात आणि दहा ग्रॅमचे जिग दोन-दोन, त्यांना लागणाऱ्या रबरी मासोळ्या, लहान फिरते पाते एक आणि पकड एवढे पुरे. उरलेल्या पैशांतून संस्थेचे शुल्क द्यावे. निघण्याआधी धरणात किती टक्के साठा आहे आणि कालव्याचे आवर्तन सुरू झाले आहे का, एवढे वर्तमानपत्रात पाहून घ्यावे. साठा भरलेला आणि कालवा बंद असेल तर मासा गवतात आहे, बेडूक बांधावा. आवर्तन सुटून पाणी उतरू लागले असेल तर तो गवत सोडून पहिल्या खोल उताराकडे सरकलेला असणार, तिथे जिग बांधावा.