सहा तुकड्यांची रिक्षा

मैत्रिणीच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या कडेला एक रिक्षा उभी होती. लांबी जेमतेम इंचभर. काळं अंग, वर पिवळा टप, पुढे निमुळतं नाक. चाकं नव्हती, दिवा नव्हता, हँडलही नव्हतं. तरी दारातूनच कळलं की ही रिक्षा आहे. उचलून पाहिली तर लेगोचे सहा तुकडे. "लेकीने केलीय, काकांकडे," मैत्रीण म्हणाली. या काकांना भेटायचं, हे मी तिथेच ठरवलं.

काका कर्वेनगरमध्ये राहतात. भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. प्लास्टिक मोल्डिंगच्या डाय बनवायचे. निवृत्त झाल्यावर नातवाचा लेगोचा डबा हाती लागला आणि पुन्हा खाली ठेवला गेला नाही. आता रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाते, आजूबाजूची मुलं जमतात. मधोमध स्टीलची परात, तिच्यात सगळा माल. पण परात कोणाच्याही पुढ्यात सरकवली जात नाही. प्रत्येकाला एका वाटीत वीस तुकडे मोजून मिळतात. जास्तीचे मागायचे नाहीत. नको असलेला एक परत केला तर बदल्यात एक मिळतो. नियम एवढाच.

मुलं विटेला वीट म्हणतात, चपट्या तुकड्याला पट्टी आणि वरच्या गोल उंचवट्याला बटण. काकांनी खिशातून व्हर्नियर काढलं. "आठ मिलिमीटरला एक बटण. मग दोन बटणांची रुंदी किती यायला पाहिजे?" मी म्हटलं, सोळा. त्यांनी वीट जबड्यात धरून माझ्यासमोर केली: १५.८. "हे दोन दशांश राहून गेलेले नाहीत, सोडलेत. पुरे सोळा ठेवले असते तर शेजारी दुसरी वीट बसलीच नसती." मग पाच पट्ट्या एकावर एक दाबल्या. एका पट्टीची जाडी ३.२, पाचांची बरोबर सोळा. म्हणजे पाच पट्ट्यांची उंची ही दोन बटणांची जागा. वीट आडवी करून कुशीवर लावली तरी हिशेब जुळतो. इंचभराच्या मॉडेलमध्ये सगळं कसब या हिशेबावर चालतं. हे सांगताना काकांचा आवाज असा चढला, जणू या विटांची डाय त्यांनीच घासून बसवली होती.

लेगोची सुरुवात डेन्मार्कमधली. तिथल्या बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या विटा पुढे आल्या, पण आतून पोकळ असल्याने त्या एकमेकींना नीट धरत नसत. त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात नळ्या घातल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. "साठ वर्षांवर एक माप सांभाळायचं म्हणजे काय, ते टूलरूममधल्या माणसाला विचारा," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडी एक आकडा सतत असतो: "सहा विटा, एक्क्याण्णव कोटी." पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली, पण हिशेब पक्का आहे. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाकडून ही मोजणी करून घेतली. त्याआधी कंपनी १० कोटी २९ लाखांच्या आसपासचा आकडा सांगायची, पण त्यात एकावर एक चढत गेलेले सहा मजली मनोरेच धरले होते. एका थरात दोन-तीन विटा बसवल्या तर काय होईल, हे मोजलंच नव्हतं. दोन विटांचे प्रकार २४, तीन विटांचे १,०६०. माझ्या भेटीच्या दिवशी दोघी बहिणी कोपऱ्यात बसून दोन विटांचे २४ प्रकार शोधत होत्या. अर्धा फेरा फिरवला की तीच रचना पुन्हा यायची, मग ती एकदा धरायची की दोनदा, यावरून दोघींची जुंपली होती. काका मध्ये पडले नाहीत.

नव्या मुलाला पहिलं काम रिक्षाचं. त्या दिवशी चौथीतला एक मुलगा नवा होता. त्याने आधी चाकं शोधली, वाटीतल्या दोन गोल चकत्या खाली लावल्या आणि तिसरी नाही म्हणून हिरमुसला.

"काका, तिसरं चाक द्या ना."

"लांबून रिक्षा येताना तुला आधी काय दिसतं रे?"

मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पिवळं."

"मग आधी पिवळं लाव."

पिवळं लागलं. काळी पट्टी, तिच्यावर मागच्या बाजूला काळी चौकोनी वीट, विटेवर दोन पिवळ्या पट्ट्या. आता पुढचं नाक, आणि घोडं इथेच अडलं. बूड दोन बटणं रुंद. नाक लावावं तर ते डाव्या बटणावर बसतं नाही तर उजव्या. मधोमध बटणच नाही. त्याने नाक काढलं, लावलं, पुन्हा काढलं. अख्खी रिक्षा फिरवून पाहिली. बोटांनी ती मधली रिकामी जागा चाचपली. काका समोरच बसले होते, हात मांडीवर. मला राहवेना, पण त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

शेवटी मुलगा उठून परातीपाशी गेला आणि उकिडवा बसून नुसतं बघत राहिला. एका कडेला त्याला एक पट्टी दिसली: लांबी दोन बटणांची, पण वर बटण एकच, अगदी मधोमध. जाणकार तिला जंपर म्हणतात. ती लावली की वरचा तुकडा अर्ध्या बटणाने, म्हणजे चार मिलिमीटरने सरकतो. त्याने आपल्या वाटीकडे पाहिलं, रिक्षाची दोन्ही चाकं उपटली, त्यातलं एक परत टाकलं आणि जंपर घेतला. टक् करून नाक बसलं, मधोमध. चाकांचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग काकांचा नेहमीचा प्रश्न आला: "यातला कुठला तुकडा काढला तर रिक्षा राहणार नाही?" मुलाने पिवळं उचललं: "आता टेम्पो." ते परत लावून नाक काढलं: "डबा." बाकीची मुलं पुढे सरकली, जो तो एकेक तुकडा काढून दाखवू लागला. काय असलं म्हणजे रिक्षा आणि काय गेलं की नाही, याची एवढी गंभीर चर्चा मी मोठ्या माणसांतही क्वचित ऐकली आहे. मला या कामाचं मोल इथे दिसतं. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असतो आणि तरी तो किल्लाच दिसतो. काय खरं ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मुलांना आतून कळतं. फक्त ते ठरवायची पाळी त्यांच्यावर यावी लागते.

ती पाळी बाजारातल्या संचांत फारशी येत नाही. २०२२ मध्ये आलेला आयफेल टॉवर १०,००१ तुकड्यांचा आहे, उंची जवळजवळ दीड मीटर. काम देखणं, त्याला लागणारी चिकाटीही खरी. पण कोणता तुकडा कुठे जाणार, हे बिलुंडमध्ये कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. घरी उरतं ते पुस्तिकेची पानं उलटणं. शिकागोचा सिअर्स टॉवर २००८ मध्ये ६९ तुकड्यांत आला होता. मला तो जास्त भावतो, कारण रचणाऱ्याने काय गाळलं ते त्यात दिसतं. किमतीची गोष्ट निराळीच. मोठे संच हजारोंच्या घरात जातात, आणि काकांच्या सतरंजीवरच्या निम्म्या मुलांच्या घरी लेगो नाही. वीस तुकडे मात्र सगळ्यांना पुरतात.

"मुलांना जास्त दिलं की ती शोधायचं सोडतात आणि निवडत बसतात," काका म्हणाले. "सहा विटा, एक्क्याण्णव कोटी. अजून किती पाहिजेत?"

तुमच्या माळ्यावर लेगोचा डबा पडून असेल तर या रविवारी खाली काढा. दुसऱ्या कंपनीचे ठोकळे असले तरी चालतील, फक्त घट्ट बसतात ना ते पाहून घ्या. पुस्तिका बाजूला ठेवा, वीस तुकडे मोजून वाटीत घाला आणि मुलांना रोज दिसणारी एखादी गोष्ट करायला सांगा: रिक्षा, पाण्याची टाकी, कोपऱ्यावरची चहाची टपरी. मूल अडेल. अडू द्या, उत्तर सांगू नका.