खरे सांगण्याची किंमत

सप्टेंबर १८९६. मुंबईत गोदीजवळच्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या दाट वस्तीत, मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या आजाराचे निदान केले : गाठीचा प्लेग. हे निदान कुणालाच नको होते. नुसता 'ताप' म्हटले तर जहाजे चालू राहणार होती, 'प्लेग' म्हटले तर परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला आणि माणसांना दारे लावून घेणार होती. साथींचा इतिहास वाचताना मी या प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा थांबतो. रोगाचे नाव घेण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तिथे उघडा पडतो.

बंदरे बंद करण्याची रीत जुनी आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रगुसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. व्यापारावर जगणाऱ्या शहरानेच व्यापार रोखण्याचा हा नियम केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चाळीस दिवस नांगर टाकून बसलेल्या जहाजाचा खर्च मात्र जहाजवाल्याच्या माथी.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि हा खर्च असह्य झाला. १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राष्ट्रांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी पाठवले, एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. या जोडीतच सगळे आले. रोग किती रोखायचा हे डॉक्टर सांगणार, व्यापार किती सोडायचा हे मुत्सद्दी. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर वाद आणखी तापला. हिंदुस्थानच्या व्यापारावर पोसलेल्या ब्रिटनला कडक क्वारंटाइन नको होते, तर कॉलऱ्याने धास्तावलेल्या इतर युरोपीय देशांना ते हवे होते. पहिला अमलात आलेला करार व्हायला १८९२ साल उजाडले.

मुंबईच्या प्लेगने या तडजोडीची परीक्षा घेतली. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद झाली. साथ आली की इतर सरकारांना कळवणे बंधनकारक ठरले. वापरलेले कपडे, अंथरुणे, चिंध्या अशा ठरावीक वस्तू अडवता येणार होत्या. बाकीच्या बहुतेक मालाला वाट मोकळी होती. माणसांना मात्र ती सवलत नव्हती. त्याच वर्षी सरकारने हज यात्रा थांबवली. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला आणि झडत्या, सक्तीची इस्पितळे, रेल्वे स्थानकांवरच्या तपासण्या सुरू झाल्या. पुण्यात त्या जुलमाचा शेवट २२ जूनला रँडवरच्या गोळीबारात झाला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या सक्तीमागे निर्यात वाचवण्याची घाईही होती, हे शिकवले गेले नाही.

यातला विरोधाभास पुढच्याच वर्षी समोर आला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरच्या पिसवांचा प्लेगशी संबंध दाखवला. डेकवरच्या गरीब प्रवाशाचा जांघ-काखा तपासून छळ होत होता, तेव्हा धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर निर्धास्त प्रवास करत होते.

हा इतिहास संपलेला नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण विमाने रद्द झाली, काही आखाती देशांनी आपला माल नाकारला आणि देशाचे नुकसान अब्ज डॉलरांहून अधिक झाल्याचे अंदाज निघाले. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या नव्या विषाणूची, ओमायक्रॉनची, माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. शास्त्रज्ञांचे कौतुक झाले आणि दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी तिथली विमाने थांबवली. तोवर तो विषाणू इतरत्र पोहोचलेलाही होता.

२००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सांगतात की, गंभीर घटना चोवीस तासांत कळवा. आणि गरजेपेक्षा कडक निर्बंध लावू नका. पहिले वाक्य गरीब देशाला बांधते. दुसरे मोडणाऱ्या श्रीमंत देशाला मात्र दंड नाही. मे २०२५ मध्ये जागतिक महामारी करार संमत झाला. पण विषाणूचे नमुने देणाऱ्याला बदल्यात लस कशी मिळावी, हे ठरवणारे परिशिष्ट तेव्हा पुढच्या चर्चेवर सोडले गेले. नेमके तेच कलम मागे पडावे, हा योगायोग मला वाटत नाही.

सीमा बंद करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. बंदीने कधी कधी तयारीला चार दिवस मिळतात, आणि ते मोलाचे असतात. पण ते चार दिवस ज्याच्या खरे बोलण्यामुळे मिळाले, त्याला नुकसानभरपाई, औषधे आणि लस आधी मिळायला हवी. नाहीतर पुढच्या मांडवीतला डॉक्टर खरे निदान करील आणि त्याच्या भोवतीचे सगळे जण मिळून त्याला 'ताप' म्हणायला लावतील.