टेटनची शिखरे आणि पायथ्याचे खोरे

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन उद्यानाच्या दक्षिणेस, टेटन पर्वतरांग सुमारे ६५ किलोमीटर पसरली आहे. तिच्या पूर्वेस पायथ्याच्या टेकड्याच नाहीत. सपाट खोऱ्यातून कडे एकदम आभाळात चढतात. ग्रँड टेटन हे सर्वोच्च शिखर ४,१९९ मीटर उंच आहे.

या रूपाचे कारण भूगर्भात आहे. पूर्व पायथ्याशी भूकवचाला मोठा भंग पडला आहे. गेल्या सुमारे एक कोटी वर्षांतील भूकंपांनी भंगाच्या पश्चिमेचा खडक उचलला गेला आणि पूर्वेचे जॅक्सन होल खोरे खचत गेले. खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. पर्वत मात्र रॉकी पर्वतमालेत सर्वांत तरुण. पुढे हिमनद्यांनी शिखरे तासली आणि वाहून आणलेल्या दगडमातीचे बांध घातले. त्यांमागे जेनी, ली ही सरोवरे साठली.

१९२९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा शिखरे व पायथ्याची सरोवरे संरक्षित झाली. खोरे बाहेरच राहिले. हिवाळ्यात एल्क हरणे मात्र याच खोऱ्यात उतरतात. धनिक घराण्यातील धाकट्या जॉन रॉकफेलर यांनी आपले नाव गुप्त ठेवून, एका कंपनीमार्फत, १९२७ पासून येथील जमिनी विकत घेतल्या. हेतू उघड होताच स्थानिक पशुपालकांनी तीव्र विरोध केला आणि दान वर्षानुवर्षे रखडले. अखेर १९४९ साली सुमारे ३३ हजार एकर भूमी राष्ट्राला अर्पण झाली व १९५० साली उद्यानात आली. म्हणूनच आज शिखरांकडे पाहताना दुकाने व जाहिरातफलकांची रांग आड येत नाही.