शार्कपेक्षा सर्दी घातक

"डॉक्टर, तपासायचं काही नाही, फक्त इथं सही हवी."

दापोडीतल्या माझ्या दवाखान्यात भोसरीच्या कारखान्यातला एक तरुण कागद पुढे करून उभा होता. मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी निघालेला. काळजी एकच : "खाली शार्क नसतील ना?"

शार्क म्हणजे आपली मुशी किंवा मोरी. मालवणच्या किनाऱ्यालगत पर्यटकांना उतरवतात तिथे बहुधा प्रवाळांतली लहान, रंगीत मासळीच दिसते. मोठ्या माशांसाठी विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, अंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठारापर्यंत जावे लागते. सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क. तो चाळीस फुटांपर्यंत वाढतो, पण खातो सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. २००१ पासून त्याला आपल्याकडे कायद्याचे संरक्षण आहे.

पाकटाच्या शेपटीत मात्र विषारी काटा असतो. २००६ साली ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन असाच काटा छातीत घुसून दगावले. पण असे क्वचितच घडते. पाकट सहसा पाय पडला तरच मारतो. काटा हातापायाला लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपर्यंत) अर्धा ते दीड तास बुडवावा, नंतर डॉक्टरांना दाखवावे. छाती-पोटात रुतलेला काटा उपटू नये; थेट रुग्णालय गाठावे.

वाचकहो, खरा धोका माशांचा नाही, पाण्याच्या दाबाचा आहे. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. उतरताना नाक चिमटीत धरून, हलकेच फुंकून कानात हवा भरावी लागते. सर्दीने कानाची नळी बंद असेल तर पडदा फाटू शकतो. वर येताना श्वास रोखला, तर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटते. पुरुषभर पाण्यातही हे घडू शकते.

दोन वर्षांपूर्वी गर्दीच्या वेळी असाच एक कागद मी न तपासता सही करून दिला होता. मुलाला सर्दी होती. मी विचारलेही नाही. आठवड्याने तो कानातून रक्त येते म्हणून आला. पडदा दोन महिन्यांनी भरला, पण चूक माझीच होती.

म्हणून या तरुणाला आधी बसवले. छातीत बारीक शिट्टी ऐकू आली. विचारल्यावर खिशातून दम्याचा पंप निघाला. दम्यात आखडलेल्या नळ्यांमागे हवा अडकते, आणि वर येताना तीच घात करते. मी सही केली नाही. तो रागावून गेला. पंधरा दिवसांनी आला आणि म्हणाला, "मी सिंधुदुर्ग किल्ला पाहून आलो. आता दम्याचे औषध नीट सुरू करा."

एवढे लक्षात ठेवा. सर्दी, वाहता कान, दमा, फिट, हृदयविकार वा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. मद्य घेऊन तर मुळीच नको. एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळा. आंबोलीचा घाटमाथाही दोन हजार फुटांहून उंच आहे. तेव्हा रात्र किनाऱ्यावरच काढा. परतल्यावर सांधेदुखी, बधिरपणा किंवा धाप जाणवली तर ताबडतोब रुग्णालयात जा आणि डायव्हिंग केल्याचे आधी सांगा.

आणि डॉक्टरांनी तपासायला बसवले, तर घाई करू नका.