दूरचे द्राक्षमळे, जवळच्या खजूरबागा

बहारीनच्या जुन्या माणसांत एक म्हण आहे. जो परक्यांच्या उपयोगी पडतो आणि घरच्यांना विसरतो, त्याला ते 'अधारीचा झरा' म्हणतात. मनामाच्या दक्षिणेला अधारीचा मोठा झरा होता. त्याचे पाणी पाटापाटाने दूरच्या बागांना जाई आणि जवळची जमीन कोरडी राही, म्हणून ही म्हण पडली. तो झरा पुढे आटला आणि तिथे आता अधारी पार्क आहे. म्हण मात्र टिकून आहे. आपल्याकडची 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण थोडी वेगळी, जवळच असलेली वस्तू दूर शोधत फिरणाऱ्याविषयीची.

ही म्हण आठवण्याचे कारण असे, की आमच्या मित्रमंडळींत सध्या युरोपच्या सहलींची फार चर्चा असते. कुणी फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून सायकलवर हिंडून आले, कुणी पुढच्या सुटीत जाणार आहेत. ती सफर आहेच तशी देखणी. बर्गंडी प्रांतात बोन नावाच्या गावापासून सांतनेपर्यंत वीसेक किलोमीटरची सायकलवाट थेट द्राक्षवेलींमधून जाते. बोनला १४४३ साली स्थापन झालेले धर्मार्थ रुग्णालय पाहावे, तिथून पुढे जिव्हरीला जाऊन जुन्या लोहमार्गाच्या जागी केलेल्या वाटेने क्लूनी गाठावे आणि ९१० साली स्थापन झालेल्या तिथल्या मठाचे अवशेष पाहावेत. सायकलवर बसलेल्या माणसाला हे सारे बेताबेताने भेटते. वेलींचा वास येतो, गावातली कुत्री अंगावर भुंकतात, चढ लागला की उतरावे लागते आणि उतरले की काहीतरी नजरेस पडते.

गंमत अशी, की बहारीनचे नाव या द्राक्षमळ्यांत आधीच पोचले आहे. २०२१ च्या 'तूर द फ्रान्स' शर्यतीत 'बहारीन व्हिक्टोरियस' या संघाच्या मातेय मोहोरिच या स्लोव्हेनियन सायकलपटूने लिबूर्नपर्यंतचा टप्पा जिंकला. दुसऱ्या दिवशीची शर्यत लिबूर्नहून सेंतेमिलियोंला, म्हणजे बोर्दोच्या ऐन द्राक्षमळ्यांतून होती. त्या वर्षी सांघिक विजेतेपदही याच संघाने मिळवले. छातीवर बहारीनचे नाव लावून परदेशी खेळाडू फ्रान्सचे मळे तुडवून आले, आणि बहारीनमध्ये वर्षानुवर्षे राहणारे आपण मात्र सायकलवर बसून या बेटाच्या बागा कधी पाहिल्या आहेत का?

वास्तविक सायकलीला याहून सोयीचा मुलूख मिळणे कठीण. मुख्य बेट लांबीला सुमारे पन्नास किलोमीटर आणि रुंदीला पंधरा-सोळा. सर्वांत उंच जागा जबल दुखान, ती दीडशे मीटरही भरत नाही. सह्याद्रीतला माणूस तिला टेकाडच म्हणेल. नोव्हेंबर ते मार्च हवाही चांगली असते. म्हणून या थंडीत आम्ही चौघांनी एका शुक्रवारी पहाटे जाड टायरच्या, गिअरच्या सायकली काढल्या आणि उत्तर किनाऱ्याची वाट धरली. ती वाचकांना सांगावी, एवढ्यासाठी हा लेख.

पहिला मुक्काम कलात अल बहारीन, म्हणजे बहारीनचा किल्ला. मनामातून पश्चिमेला निघून करानाच्या बाजूला वळले, की हमरस्त्याचा आवाज मागे पडतो आणि खजुरीच्या बागा लागतात. झाडांखाली चाऱ्याचे हिरवे वाफे आणि मधून वाहणारे पाणी पाहून आमच्यातल्या एका अलिबागकराला आपल्या वाडीची आठवण झाली. किल्ला म्हणून जो दिसतो, त्यात पोर्तुगीजांचा हात आहे. १५२१ मध्ये त्यांनी हे बेट घेतले आणि १६०२ मध्ये ते इथून हुसकले गेले. ज्यांनी वसईचा किल्ला पाहिला आहे, त्यांना इथले बुरूज अगदीच अनोळखी वाटणार नाहीत. वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली. इथून पोर्तुगीज त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीच गेले होते.

परंतु खरा ठेवा किल्ल्याच्या पायाखाली आहे. सुमारे सहाशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद असे ते टेकाड निसर्गाने केलेले नाही; इसवी सनापूर्वी २३०० पासून एकावर एक वसलेल्या वस्त्यांचा तो थर आहे. १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश तुकडीने इथे उत्खनन सुरू केले. आजवर टेकाडाचा जेमतेम चौथा हिस्सा उकरला गेला आहे. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. शेजारचे संग्रहालय पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या मातीत दगडी वजने सापडली, आणि त्यांचे माप निघाले सिंधू खोऱ्यातले. मेसोपोटेमियाच्या इतक्या जवळ असूनही दिलमुनच्या, म्हणजे प्राचीन बहारीनच्या, बाजारात आपल्याकडचे वजन चालत होते. तिकडे गुजरातेत लोथलला आखाती घडणीचा गोल शिक्का सापडला आहे. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी होती. पुढे १९६५ पर्यंत या बेटावर व्यवहारही रुपयांत चाले. चार हजार वर्षांपूर्वी वजने तिकडची, आणि आजोबांच्या काळापर्यंत पैसाही तिकडचा! 'आम्ही काय, इथे चार दिवसांचे पाहुणे' असे आपण सहज म्हणतो. ती तक्रार किल्ल्याच्या टेकाडावर उभे राहून केली, तर थोडी फिकी वाटते.

किल्ल्याहून पश्चिमेला गावागावांतून बारबार लागते. इथे एकावर एक बांधलेल्या तीन देवळांचे अवशेष आहेत. पायऱ्या उतरून खाली जावे तो पाण्याचे कुंड. देऊळ आणि पाणी यांची जोडी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. इथेच सापडलेले तांब्याचे बैलाचे मस्तक मनामाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले आहे.

बारबारहून सारकडे जाताना बागांमधली कच्ची वाट घेतली, तिथे आमच्या एका सायकलीत खजुरीच्या झावळीचा काटा घुसला. पंप होता, ठिगळे होती, पण सोल्यूशनची नळी वाळून गेलेली. तेवढ्यात एका बागेतला कामगार आपली जुनी, काळी सायकल घेऊन आला. माणूस तेलंगणातल्या करीमनगरकडचा, हिंदी बोलणारा. त्याने पाण्याच्या बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला, घासून ठिगळ बसवले आणि दहा मिनिटांत चाक चढवून दिले. पैसे घेतले नाहीत. आमच्या डब्यातली पुरणपोळी मात्र घेतली.

बोलता बोलता कळले, की तो अकरा वर्षे या वाटांनी सायकलवर जातो-येतो. सारची जुनी वस्ती कुठे, कबरींची टेकाडे कुठल्या बाजूला जास्त, हे त्याला नकाशाशिवाय माहीत होते. आम्ही सहलीला म्हणून चालवत होतो ती सायकल त्याचे रोजचे वाहन. कामावर तो पहाटे चारला निघतो. त्याच्या सायकलीला पुढे दिवा नाही, मागे लाल काच नाही. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "गाडीवाल्यांना मी दिसत नाही, साहेब. म्हणून मोठा रस्ता आला की उतरतो, सायकल हातात धरतो आणि सगळ्या गाड्या गेल्यावर ओलांडतो." यात त्याला काही विशेष वाटत नव्हते. आम्हाला मात्र पुढची वाट बराच वेळ बोलवेना. रोज सकाळी मोटारीतून जाताना रस्त्याच्या कडेला अशा किती सायकली असतात, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करून पाहावा.

सारला दिलमुन काळातली एक अख्खी वस्तीच उघडी केलेली आहे. रस्ते, घरे आणि देऊळ सगळे जागच्या जागी. तिथून आलीला गेले, की कुंभारांच्या भट्ट्या आणि त्यांच्याच शेजारी राजांच्या प्रचंड कबरी दिसतात. इसवी सनापूर्वी २२०० ते १७५० या काळातली ही टेकाडे. २०१९ साली युनेस्कोने दिलमुनच्या कबरींना जागतिक वारशात घेतले, तेव्हा एकवीस ठिकाणी मिळून ११,७७४ टेकाडे मोजली गेली. पूर्वी याच्या कितीतरी पट होती. रस्ते आणि वसाहती वाढत गेल्या तशी ती सपाट झाली. बागांचेही तेच. भूगर्भातले पाणी उपसले गेले, झरे आटले आणि जिथे खजुरी होत्या तिथे बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आपल्यापैकी बरेच जण अशाच बंगल्यांत राहतात, तेव्हा कुणाला दोष देण्याचा हा विषय नाही. पण जे उरले आहे ते पाहून ठेवावे आणि मुलांना दाखवावे, एवढे तर आपल्या हातात आहे.

इथे एक सूचना. जाड टायरची सायकल असली की टेकाड दिसताच त्यावर चढवावीशी वाटते, मुलांना तर फारच. कृपा करून तसे करू नये. ते कुणाचे तरी थडगे आहे, आणि चार हजार वर्षे टिकलेली माती चाकांनी लवकर ढासळते. चढ-उताराची हौस असेल तर दक्षिणेचे वाळवंट मोकळे पडले आहे. जबल दुखानच्या पायथ्याला १९३२ साली लागलेली तेलाची पहिली विहीर पाहावी आणि तिथून जीवनवृक्षाकडे जावे. वाळवंटात एकटे उभे असलेले, सुमारे चारशे वर्षांचे हे झाड कोणते, ठाऊक आहे? आपली शमी! पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रे ठेवली आणि दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. आमच्या मंडळींपैकी अनेकांनी त्या झाडाखाली छायाचित्रे काढून घेतली आहेत, पण ती शमी आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

आमची उत्तरेची फेरी सगळी मिळून तीस-पस्तीस किलोमीटरची झाली. पहाटे निघून, वाटेत डबा खाऊन, दुपारच्या जेवणाला घरी. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ती दोन भागांत सहज झेपेल. मुहर्रकच्या मोत्यांच्या वाटेसाठी वेगळी सकाळ ठेवावी. साडेतीन किलोमीटरची ती वाट अरुंद बोळांतून जाते, सायकल हातात धरूनच चालावे. मोत्यांचे व्यापारी मुंबईच्या बाजाराशी कसे बांधलेले होते, ते तिथल्या जुन्या वाड्यांत उमगते.

फ्रान्सला अवश्य जा. द्राक्षमळे कुठे पळून जात नाहीत. पण जाण्याआधी एक शुक्रवार या बेटाला द्या. हमरस्ते टाळा आणि गावातल्या वाटा धरा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, अंगात चमकणारे जाकीट, दोन बाटल्या पाणी आणि ओल्या सोल्यूशनची नळी एवढे सामान पुरते. शिवाय पिशवीत एक जादा दिवा असू द्या. वाटेत बिनदिव्याची सायकल भेटेलच. थांबा, दोन शब्द बोला आणि आपल्या हाताने तो बसवून द्या. आम्ही पुढच्या शुक्रवारी त्याच बागेकडे निघालो आहोत, चार दिवे घेऊन.