विळ्याचा निसणा आणि वस्तऱ्याची धार

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीचा शनिवारचा बाजार जनावरांच्या खरेदीविक्रीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु जिथे जनावरे तिथे वैरण, आणि वैरण आली की विळे-कोयते व त्यांना धार लावणारे करडे निसणेही ओघाने आलेच. आजोबांचा वस्तरा पेटीतून काढून पुन्हा वापरू पाहणारा हौशी गृहस्थ नेमका असलाच एखादा निसणा उचलतो. 'विळ्याला चालतो तो वस्तऱ्याला का चालू नये? दगड जितका खरखरीत तितकी धार लवकर चढते,' हा युक्तिवाद इतक्या वेळा आणि इतक्या बिनदिक्कतपणे कानी पडतो की, त्याचे एकदा सविस्तर निराकरण करणे अगत्याचे झाले आहे.

विळा वैरणीची मूठ ओढून कापतो. खरखरीत कणांनी त्याच्या पात्यावर पाडलेले सूक्ष्म दाते त्या ओढीत देठाला धरून ठेवतात, सबब ते त्यास उपकारकच ठरतात. वस्तरा मात्र त्वचेलगत सरकतो, आणि त्याची धार सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या शतांशाच्या आसपास, असावी लागते. तिच्यावर शंभर मायक्रॉनचा कण फिरविल्यास जे दाते उरतात ते केसाबरोबर कातडीही सोलतात. शिवाय वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवून घासावयाची असल्याने कोन पाठीच्या जाडीनेच मुकरर होतो. मध्ये खोलगट झालेल्या निसण्यावर तो कोन टिकणे अशक्य. हे इतके उघड असता लोक पुनःपुन्हा तीच चूक करतात आणि उत्तम पोलाद हकनाक झिजवितात!

नंबर पाहून दगड घेणाऱ्यांनीही सावध राहावे. 1000 हा आकडा जपानी मानकात सुमारे 11.5 मायक्रॉनचा कण दर्शवितो, युरोपीय 'एफ' मानकात 4.5 मायक्रॉनचा, तर 'पी' मानकाच्या पॉलिश कागदावर 18 मायक्रॉनचा.

भीमेतला गुळगुळीत काळा गोटा चालतो, हाही भ्रम होय. त्या बेसॉल्टमधील फेल्डस्पारची कठिणता कडक पोलादाच्याच घरातली असल्याने तो धड कापत नाही. पाण्याच्या दगडावर तेल घालू नये, त्याची रंध्रे बुजतात. चामड्याचा पट्टा लागलेली धार सरळ करतो, बोथट धार घडवीत नाही. मऊ केस पोलादाला काय करणार, असे म्हणणाऱ्यांसाठी दाखला असा की, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2020 साली 'सायन्स' नियतकालिकात केसामुळे पात्याच्या धारेचे कपचे उडतात हे सिद्ध केले आहे.

धार तुटलेली असेल तर जपानी मापाचा 1000 चा, मग 4000 चा, आणि शेवटी 8000 चा दगड, तिन्ही सपाट, एवढी तजवीज पुरेशी आहे. विक्रेत्याला नंबराबरोबर मानकही विचारावे. त्याला ते सांगता येत नसेल तर तो दगड वस्तऱ्यासाठी घेऊ नये.